नवरात्रात करपलेला साग आणि ओट्यावरचा पिवळा पतंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलकडे तुमचं तीन एकराचं संत्र्याचं वावर आहे. त्याच्या दोन धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, वडिलांनी बारा वर्षांपूर्वी सागाची सव्वाशे झाडं लावली. पोळ्यापर्यंत हिरवीगार असलेली ही झाडं नवरात्रात बघता बघता तपकिरी झाली, पानांची नुसती जाळी उरली. रात्री ओट्यावरच्या दिव्याला छोटे पिवळे पतंग येऊन बसतात. औषधाच्या दुकानात कोणीतरी एक जालीम फवारणी सुचवली आहे, ट्रॅक्टरचा पंप लावून शेंड्यापर्यंत मारायची. झाडं मरतील का, हे लोण संत्र्यावर येईल का, आणि फवारायचं की नाही, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. झाडं मरणार नाहीत. संत्र्याला या अळीचा काडीचा धोका नाही. आणि कृपा करून फवारू नका.

विदर्भातल्या सागाच्या रोपवनांतून कीड पाहत फिरण्यात माझी तीस वर्षं गेली. दरवर्षी दसऱ्याच्या मागेपुढे हाच प्रश्न येतो. पेंचचं वाघांचं जंगल १ ऑक्टोबरला उघडलं की सिल्लारीच्या दारातून आत जाणारे पर्यटकही गाईडला विचारतात, इथं वणवा कधी लागला होता? भर पावसाळा संपताना वणवा कुठला? पण दुरून पाहिलं तर खरंच तसं दिसतं. टेकडीचा हिरवा उतार, आणि मधेच सागाचा पट्टा भाजल्यासारखा. बाजूचा ऐन, धावडा, लेंडिया हिरवे. करपलेला फक्त साग.

एक पान तोडून हातात घ्या. सागाचं पान मोठं असतं, सहज हातभर. ते सूर्यासमोर धरा. मधली शीर, तिच्या बाजूच्या शिरा, त्यांना जोडणाऱ्या बारीक शिरा, सगळं जागच्या जागी आहे. गेला आहे तो शिरांमधला हिरवा गर. एखाद्या कारागिराने बारीक कोरणीने खरवडून काढावा तसा. कुठे कुठे एका बाजूचा पातळ पापुद्रा शिल्लक असतो, तपकिरी, कागदासारखा. बोटाने दाबला की चुरा होतो. हे काम ज्या अळीचं आहे तिला वनखात्यात सगळे सागाची जाळी करणारी अळी म्हणतात. शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरालिस. १८५९ साली फ्रान्सिस वॉकर यांनी तिच्या पतंगाचं पहिलं वर्णन केलं. जुन्या पुस्तकांत ती पायरॉस्टा मॅकेरालिस किंवा हॅपालिया मॅकेरालिस या नावाने सापडेल, प्राणी तोच.

सागाचं पान तपकिरी व्हायला इतर कारणंही असतात, त्यामुळे ओळख नीट पटवून घ्या. पानाच्या खालच्या बाजूला बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा, बुरशीचा रोग आहे. पानाचं सगळं पातं गायब आणि फक्त जाड शिरा झाडूच्या काड्यांसारख्या उरल्या असतील तर ती दुसरी अळी, हिब्लिया प्युएरा. हिच्याबद्दल पुढे बोलावं लागेल, कारण सागाची खरी वैरीण ती आहे. आणि कडेने वाळत आत येणारं पान असेल तर बहुधा पाण्याचा ताण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शिरांची जाळी स्वच्छ दिसते आहे, भुकटी नाही. म्हणून मी ठामपणे लिहितो आहे.

आता तुमच्या ओट्यावरचा पतंग. पंख पसरल्यावर दोन ते अडीच सेंटिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या आसपास. पिवळा धमक रंग, पुढच्या पंखांवर गुलाबी-तांबूस नागमोडी रेघा, कडेलाही तशीच छटा. बसला की पंख सपाट पसरून त्रिकोण करतो. भिंतीवर बसलेला असताना भिंगातून बघा, मुलांनाही दाखवा. हळदीच्या अंगावर कोणी कुंकवाच्या बोटांनी लाटा काढाव्यात असा दिसतो. इतकी वर्षं पाहूनही मला तो सुंदर वाटतो, आणि त्याला नुसती कीड म्हणून हात झटकायला मन होत नाही.

दिवसा हा पतंग दिसत नाही. सागाच्या किंवा खालच्या झुडपांच्या पानांच्या उलट्या बाजूला चिकटून असतो. गोरेवाड्याच्या जंगलात सप्टेंबरात सागाखालच्या रानातून चाललात तर पायाच्या धक्क्याने चार-पाच उठतात, हातभर उडतात आणि लगेच पुढच्या पानाखाली शिरतात. अंधार पडला की बाहेर येतात आणि मादी अंडी घालायला सागाच्या पानाकडे जाते. घरच्या दिव्याला येतात ते वाट चुकलेले. पांढऱ्याशुभ्र दिव्याऐवजी पिवळ्या उजेडाचा दिवा लावलात तर येणं कमी होईल. अंगाला, कपड्याला, धान्याला त्यांचा काही त्रास नाही. अळीच्या अंगावरही तुरळक केस असतात, केसाळ अळीसारखी खाज येत नाही. मी हजारो हातावर घेतल्या आहेत.

तिचा जन्मक्रम जरा निगुतीने सांगतो, कारण फवारायचं का नाही याचं उत्तर त्यातच आहे.

मादी अंडी ढिगाने घालत नाही, एकेक करून पानावर ठेवत जाते. चपटी, हिरवट-पांढरी, भिंगाशिवाय दिसणं कठीण. एक मादी काही शेकडा अंडी घालू शकते. पावसाळ्याच्या उबदार दमट हवेत दोन-तीन दिवसांत अंडं फुटतं. निघालेली अळी धाग्याएवढी. ती शिरेच्या आडोशाला जाते, चार-दोन रेशमी तंतू ताणून वर एक विरळ छत करते आणि त्याखाली बसून पानाचा पृष्ठभाग खरवडायला लागते. शिर चावण्याची ताकद तिच्या जबड्यात नसते, पुढे आली तरी ती त्या फंदात पडत नाही. शिरा सोडून खाणं हा तिचा आयुष्यभराचा रिवाज. म्हणून जाळी.

ती पाच वेळा वाढीचे टप्पे पार करते. पूर्ण वाढलेली अळी दोन सेंटिमीटरच्या आगेमागे, हिरवट, पाठीवर जांभळट-तपकिरी पट्टे आणि ठिपके. रंग सगळ्यांचा एकसारखा नसतो, एकाच पानावर फिक्या आणि गडद दोन्ही दिसतात. बोट लावलंत तर ती झटक्याने वळवळत मागे सरते, फारच छेडलं तर रेशमाच्या धाग्याला लोंबकळून खाली सुटते. सकाळच्या उन्हात सागाखाली उभं राहिलं की हे धागे चमकताना दिसतात, चेहऱ्यालाही लागतात.

दोनेक आठवडे खाऊन झालं की ती पानाच्या घडीत किंवा खाली पडलेल्या पानात रेशमाचं विरळ वेष्टण करते आणि त्यात कोष होतो. आठवडाभरात पतंग बाहेर. म्हणजे अंड्यापासून पतंगापर्यंत पावसाळ्यात साडेतीन ते चार आठवडे. जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्याकडे तिच्या एकामागून एक पिढ्या होतात, एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळे सप्टेंबरात एकाच झाडावर अंडी, लहान अळ्या, मोठ्या अळ्या आणि कोष सगळं सापडतं.

आता पुढचा भाग. नोव्हेंबरात हवा कोरडी होते, रात्री गार होतात, पानातला रस आटतो. या वेळी जी अळी पूर्ण वाढते ती कोष करत नाही. खाणं थांबवते, अंग आखडून घेते, स्वतःभोवती पातळ रेशमी पांघरूण विणते आणि थांबते. पान गळतं तशी पानाबरोबर तीही जमिनीवर येते, किंवा आधीच उतरून पाचोळ्यात शिरलेली असते. अख्खा हिवाळा आणि त्यापुढचा नागपूरचा उन्हाळा ती सागाच्या वाळक्या पानात काढते. वर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, खाली पाचोळ्याच्या दोन थरांत ही बोटाच्या पेराएवढी अळी, अन्न नाही, पाणी नाही. जूनमध्ये पावसाची चाहूल लागली, जमिनीत ओल आली, की मग तिचा कोष होतो आणि पतंग उडतो.

भंडारा-गडचिरोलीकडच्या लोकांना ही गोष्ट चटकन कळते, कारण त्यांचा कोसाही असाच थांबतो. टसरचा किडा ऐनाच्या झाडावर वाढतो आणि हिवाळा-उन्हाळा कोषात झोपून काढतो, पाऊस आल्यावर फुलपाखरासारखा मोठा पतंग होऊन निघतो. फरक इतकाच की कोसा कोषात थांबतो, आपली सागाची अळी कोषाच्या एक पायरी आधी थांबते. दोघांनाही वाट आषाढाची.

तर जुलैत सुरुवात होते ती अशा मोजक्या पतंगांपासून. बाकीचे उन्हाळ्यात मेलेले असतात. मग ऑक्टोबरात एवढा सुळसुळाट येतो कुठून? एक साधा हिशोब मांडून पाहा. समजा, एका मादीने दोनशे अंडी घातली आणि त्यातली शंभरातली पंच्याण्णव पिल्लं वाटेतच मेली. उरले दहा पतंग, त्यात पाच माद्या. म्हणजे दर महिन्याला पाचपट. जुलैच्या सुरुवातीला एक मादी असेल तर ऑगस्टमध्ये पाच, सप्टेंबरमध्ये पंचवीस, ऑक्टोबरमध्ये सव्वाशे. तुम्हाला वाटतं नवरात्रात अचानक आलं. अचानक काही आलं नाही, पंचविसापर्यंत ते नजरेत भरत नव्हतं इतकंच.

आता याच हिशोबात मरण्याचं प्रमाण पंच्याण्णवऐवजी अठ्ठ्याण्णव करा. दोनशेतून चार पतंग, दोन माद्या. ऑगस्टमध्ये दोन, सप्टेंबरमध्ये चार, ऑक्टोबरमध्ये आठ. सव्वाशेच्या जागी आठ! मधे फक्त शंभरात तीनचा फरक. आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण निसर्गात घडतं ते याच रीतीने. आणि ही शंभरातली तीन-चार पिल्लं कोण खातं, यावर तुमच्या धुऱ्याचा ऑक्टोबर ठरतो.

खाणारे पुष्कळ आहेत. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली, पण डोळ्याला ठिपक्यासारखी दिसणारी माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अळी निघायच्या ऐवजी माशीच निघते. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने सागाच्या किडींवर ट्रायकोग्रामा सोडण्याचं काम केलं आहे. अपँटेलीस मॅकेरालिस नावाची दुसरी एक माशी तर नावातच ही अळी घेऊन आली आहे. ती अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात आणि बाहेर येऊन शेजारीच छोटा पांढरा कोष विणतात. सागाच्या जाळीदार पानावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष दिसले तर ते पतंगाचे समजून चिरडू नका, ते तुमच्या बाजूचे आहेत. शिवाय कोळी, प्रार्थनाकीटक, मुंग्या, कोतवाल, सातभाई, पावशा. सप्टेंबरातल्या सागाच्या रानात कोतवालांचा जो दंगा चालतो, तो या मेजवानीपायीच.

आता फवारणीचा विचार करा. ऑक्टोबरात फवारलं तर अळ्या मरतील, मी नाही म्हणत नाही. पण माश्या, कोळी आणि मुंग्याही मरतील. कोषात बसलेल्या आणि पाचोळ्यात उतरलेल्या अळ्या बऱ्याच वाचतील. पुढच्या जुलैत पतंग पुन्हा सुरू करेल आणि त्याला रोखणारं कोणी शिल्लक नसेल. आणि हे सगळं कशासाठी, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत साग जी पानं आपणहून टाकणार आहे, ती वाचवायला.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पान गेलं यापेक्षा पान केव्हा गेलं, हे सागाच्या हिशोबात मोठं असतं. आपल्याकडे सागाची बहुतेक वाढ पावसाळ्यात होते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्या वर्षीचं लाकूड बरंचसं भरून झालेलं असतं, पानं जुनी झालेली असतात, झाड आवरतं घेण्याच्या बेतात असतं. जाळी करणाऱ्या अळीला असंच जुनं झालेलं पान लागतं, म्हणून ती उशिरा वाढते. हिब्लिया मात्र कोवळ्या पानाची शौकीन. जून-जुलैत नवी पालवी फुटली की ती येते आणि वर्षाच्या कमाईच्या दिवसांत झाड नागडं करते. झाडाला साठवलेल्या अन्नातून पुन्हा पालवी काढावी लागते. तिथं वाढ मारली जाते.

केरळातल्या निलंबूरला, जिथं १८४० च्या दशकात सागाचं पहिलं मोठं रोपवन उभं राहिलं, तिथं केरळ वन संशोधन संस्थेने या दोन्ही अळ्यांचं नुकसान मोजलं. के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अहवाल १९८५ चा. चार ते आठ वर्षांच्या सागात हिब्लियामुळे लाकडाच्या वाढीत ४४ टक्के घट आढळली. जाळी करणाऱ्या अळीमुळे लक्षात घेण्याजोगी घट आढळली नाही. निलंबूरचा पाऊस वेगळा, हवा वेगळी, तिथला आकडा जसाच्या तसा काटोलला लावू नये. पण दोन अळ्यांतला फरक मी इथंही तसाच पाहत आलो आहे. ऑगस्टच्या सुरुवातीलाच जाळी पडली, असं वर्ष कधी आलं तर झाडाला थोडा फटका बसतो. नवरात्रातल्या जाळीने बसत नाही.

फवारणीला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे, आणि ते मी मोकळेपणाने लिहितो. बारा वर्षांचा साग तीस-पस्तीस फूट. त्याच्या शेंड्यावर औषध मारायचं म्हणजे नळी वर धरायची आणि ते विष तोंडावर, छातीवर, उघड्या हातांवर घ्यायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, आणि औषध अंगावर येण्याचं ते एक कारण होतं. पऱ्हाटी माणसाएवढी होती तर ही गत, साग तर तिच्या पाच-सहापट उंच आहे. कोंढाळीकडे एका शेतकऱ्याने विक्रेत्याच्या शब्दावर धुऱ्यावरच्या सागावर असंच दोन जहाल औषधांचं मिश्रण मारलं होतं. मी पोचलो तेव्हा फवारणारा पोरगा घरी उलट्या करत पडलेला, आणि सागाखाली आग्या मोहोळाच्या माशा मूठमूठभर मेलेल्या. पोरगा दोन दिवसांनी बरा झाला, माशा काही परतल्या नाहीत. दीड महिन्याने मी पुन्हा गेलो, तर फवारलेला आणि न फवारलेला साग सारखाच निष्पर्ण उभा होता.

संत्र्याबद्दल तुमची भीती समजण्यासारखी आहे. आंबिया बहाराची फळं पिकायला येतात त्याच दिवसांत रात्री पतंग संत्र्याला भोक पाडून रस शोषतात, फळ सडून गळतं. तुम्ही ते पाहिलं असेल आणि ओट्यावरच्या पतंगाशी त्याचा संबंध जोडला असेल. पण तो पतंग वेगळा. तो चांगला मोठा, तळहाताएवढा, मागचे पंख भडक नारिंगी-पिवळे आणि त्यावर काळा डाग. त्याची सोंड टोकाला कठीण असते, साल भेदू शकते. सागाच्या पतंगाची सोंड मऊ, तिने संत्र्याची साल भेदता येत नाही. त्याच्या अळीलाही लागतो तो साग. संत्र्याच्या पानावर तिला सोडलंत तर उपाशी मरेल. रस शोषणाऱ्या पतंगाची अळी गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. तेव्हा संत्र्याची काळजी असेल तर बागेच्या कुंपणावर या वेली किती माजल्या आहेत ते बघा, गळलेली फळं रोजच्या रोज उचलून पुरा, आणि बाकी सल्ला नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून घ्या. माझा प्रांत साग.

मग करायचं काय? मोठ्या झाडांसाठी यंदा काहीच नाही. खरंच काही नाही. हात बांधून बसणं शेतकऱ्याला जड जातं, ते मला माहीत आहे.

पुढच्या वर्षासाठी मात्र दोन गोष्टी आहेत. पहिली धुऱ्याची. तुमच्या फोटोत सागाखालची जमीन अगदी साफ दिसते, एक झुडूप नाही. तणनाशक मारत असाल तर धुऱ्यावर थांबवा. बोर, करवंद, तरवड, जंगली तुळस, जे आपणहून उगवेल त्याला सागाच्या रांगेत जागा द्या. परोपजीवी माश्यांना फुलांतला मध लागतो, आणि सागाची अळी नसते त्या महिन्यांत पोट भरायला दुसऱ्या अळ्या लागतात. त्या या झुडपांवर मिळतात. ही कल्पना माझी नाही. डेहराडूनचे वन-कीटकतज्ज्ञ सी. एफ. सी. बीसन यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात सागाच्या किडींसाठी हाच मार्ग मांडला होता: नुसता साग लावू नका, मधे नैसर्गिक जंगलाचे पट्टे ठेवा, खालचं रान राखा. १९७४ पासून नागपूरला मुख्यालय असलेल्या वनविकास महामंडळाने विदर्भात सागाची मोठमोठी रोपवनं उभी केली. अशा रोपवनांत फिरताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नाल्याकाठी जिथं मिश्र झाडोरा राहिला आहे, तिथल्या सागाची पानं ऑक्टोबरातही निम्मीअधिक हिरवी असतात. शंभर पावलं वर, जिथं फक्त सागच साग, तिथं जाळी. माती थोडी वेगळी, ओल थोडी जास्त, हे सगळं धरूनही फरक उठून दिसतो.

दुसरी गोष्ट पाचोळ्याची. पुष्कळ जण सांगतील, अळ्या पाचोळ्यात असतात ना, मग फेब्रुवारीत पेटवून द्या. मोहफुलं वेचायला झाडाखाली जाळ घालतात तसंच. त्याने अळ्या जळतील हे खरं. पण त्याच पाचोळ्यात त्यांच्या अंगात वाढणाऱ्या माश्या आहेत, कोळी आहेत, गांडुळांचं अन्न आहे, आणि सागाच्या खोडाला खालून चटका बसला की लाकडाला डाग पडून भाव जातो, तो वेगळा. शेजारच्या वावरात आग गेली तर संत्र्याची झाडं आहेतच. धुऱ्यावर फारच थर साचला असेल तर गोळा करून एका कोपऱ्यात खड्ड्यात घाला, वर शेणकाला आणि माती टाका. खत होईल. बाकी राहू द्या.

फवारणी मी कधीच सांगत नाही असं मात्र नाही. एक-दोन वर्षांची रोपं, गादीवाफ्यावरची किंवा नव्याने लावलेली, यांच्याकडे साठवलेलं अन्न नसतं. त्यांची सगळी पानं गेली तर रोप मागे पडतं. तिथं अळी हाताने वेचा. कंबरेएवढ्या रोपावर सकाळी अर्धा तास पुरतो, जाळी सुरू झालेलं पान उलटं केलं की शिरेच्या कडेला तंतूंखाली ती बसलेली दिसते. वेचून भागलं नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीचा अर्क शंभर लिटर पाण्यात, संध्याकाळच्या वेळी. किंवा बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. दोन्ही अळी लहान असतानाच चालतात, मोठी झाल्यावर नाही.

आणि जून-जुलैत झाडांवर नजर ठेवा. नवी पालवी आली की आठवड्यातून एकदा धुऱ्यावर चक्कर मारा. कोवळं पान बोटांत चुरलं की बोटं लाल होतात, त्या वयाचं पान. त्याच्या कडेला अर्धवर्तुळ कापून ते पानावरच दुमडलेलं दिसलं, आत काळपट अळी असली, तर ती हिब्लिया. तिचा पतंग राखाडी-तपकिरी असतो, पंख उघडले की मागे काळ्यावर नारिंगी पट्टे. ती दिसली की मला लगेच फोटो पाठवा, दसऱ्याची वाट बघू नका. तेव्हा वेळेत काही करण्यासारखं असतं.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की आईला झाडांकडे बघवत नाही, वडिलांनी लावलेली म्हणून. आईंना सांगा, खोडाला नखाने जरासं खरवडून बघा, आत हिरवं आहे. शेंड्याची कळी टणक आहे. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की मे-जूनमध्ये तिथूनच नवी पानं येतील. मधे पौषात कधी धुऱ्यावर गेलात तर सागाची चार वाळकी पानं हळूच उचलून उघडा. एखाद्या घडीत पांढरट रेशमाच्या पडद्याआड ती दिसेल, आखडलेली, मेल्यासारखी. उन्हात दोन मिनिटं धरलीत तर किंचित हलेल. पाहून झालं की पान परत ठेवा.